पुढे पाहून वाजवा

आपल्या भाषेत 'येणं' हे क्रियापद फार फसवं आहे. पाहुणा येतो, ताप येतो, राग येतो आणि पियानोही येतो. पहिले तिघे आल्याचं निदान घरातल्या सर्वांना कळतं. चौथ्याचं तसं नाही. "मला पोहता येतं" असं सांगणारा गृहस्थ मेहरूण तलावात कधी उतरलेला असेलच असं नाही. "इंग्रजी येतं" म्हणजे पुष्कळदा गाईवरचा निबंध येतो. तसं "पियानो येतो" म्हणजे तीन तुकडे येतात. ते तीन तुकडे तो माणूस डोळे मिटून वाजवील, मान डोलावून वाजवील, पाहुण्यांच्या चहात साखर विरघळेपर्यंत वाजवील. पण चौथ्या तुकड्याचा कागद त्याच्यापुढे ठेवून बघा. तो आधी कागदाकडे बघेल, मग तुमच्याकडे बघेल आणि शांतपणे म्हणेल, "हा अजून शिकवला नाही."

आता एखाद्या माणसाला तुम्ही विचारलंत, "मराठी वाचता येतं का?" तो म्हणाला, "येतं." तुम्ही आजचं वर्तमानपत्र हातात दिलंत आणि तो म्हणाला, "हा अंक अजून शिकवला नाही." तर त्याला तुम्ही साक्षर म्हणाल का? वाजवणाऱ्याला मात्र आपण कलावंत म्हणतो, आणि वर शाल-श्रीफळ देतो!

मैफलीवर टीका लिहिणारे समीक्षक आपल्याकडे गावोगाव आहेत. पण मैफलीच्या आधी घरोघर जे शिकणं-शिकवणं चालतं, त्यावर टीका लिहायला कुणी धजत नाही, कारण शिकणारी मुलं आपलीच असतात. ते काम आज मी करणार आहे. माझा अधिकार एवढाच की, गेली सहा वर्षं मी पियानोच्या पलीकडच्या खोलीत राहतो आहे.

खानदेशात पियानो कुठून आला, असं तुम्ही विचाराल. इथे भरीत पिकतं, केळी पिकते, पियानो काही पिकत नाही. तो भुसावळहून आला. भुसावळ म्हणजे रेल्वेचं गाव, आणि एके काळी तिथे रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं बरीच होती. त्यांतली बहुतेक पुढे दूरदेशी गेली. त्यांच्यापैकी कुणाचा तरी पियानो दोनचार घरं फिरत फिरत माझ्या धाकट्या भावाच्या गळ्यात, म्हणजे जळगावच्या आमच्या घरात, येऊन पडला. तो उतरवायला चार हमाल लागले. त्यांतला एक अमळनेरकडचा होता. त्यानं विचारलं, "हाई काय शे, भाऊ?" मी म्हटलं, "पेटीच आहे. जरा मोठी." तो म्हणाला, "मंग पेटीले इतलं वजन कसाले?" या प्रश्नाचं उत्तर मला आजतागायत देता आलेलं नाही.

मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. त्या उन्हात माणसं वाळतात, तिथे लाकडाची काय कथा! पियानो सुरात लावणारा माणूस मुंबईहून आणावा लागतो आणि तो परत मुंबईला पोचेपर्यंत पियानो पुन्हा आपल्या मूळ वृत्तीवर गेलेला असतो. पण ते सोडा. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचं ते धूड घरात आल्यावर ते कुणीतरी वाजवणं भाग होतं, आणि माझी पुतणी तेव्हा नऊ वर्षांची होती. दर रविवारी बाहेरगावाहून एक सर येऊ लागले. तिला लंडनच्या परीक्षा मंडळाच्या परीक्षेला बसवायचं ठरलं.

त्या परीक्षेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. एकूण गुण १५०. पैकी तयार केलेल्या तीन तुकड्यांना ९०. सरगमीच्या पलट्यांसारखं जे काही असतं त्याला २१, कानाच्या परीक्षेला १८, आणि उरलेले २१ गुण 'साइट रीडिंग'ला. साइट रीडिंग म्हणजे कधीही न पाहिलेला कागद समोर ठेवतात, अर्धा मिनिट न्याहाळू देतात आणि मग म्हणतात, वाजवा. उत्तीर्ण व्हायला एकूण १०० गुण लागतात, प्रत्येक विभागात वेगळं पास होण्याची सक्ती नाही. मराठी मध्यमवर्गीय घराला एवढं गणित सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. २१ गुणांसाठी कोण रक्त आटवणार? वर्षभर तीन तुकडे घोटायचे. सरांना परतीची गाडी गाठायची असे. तासाला वेळ कमी पडला की पहिली कात्री त्या न पाहिलेल्या कागदावर चाले. आणि २०२० पासून तर त्याच मंडळानं एक दुसरी परीक्षाही ठेवली आहे, तिच्यात हा विभागच नाही. मागणी तसा पुरवठा!

या तीन तुकड्यांच्या घोटण्याबद्दल माझी मुख्य तक्रार अशी आहे, की त्यातून मुलांना वाचायची नव्हे, थांबायची सवय लागते. मूल वाजवायला बसतं. चौथ्या मात्रेला बोट चुकतं. मूल थांबतं. मागे येतं. तीच जागा बरोबर वाजवतं. पुढे जातं. पुन्हा चुकतं, पुन्हा थांबतं, पुन्हा मागे. आणि शेजारी बसलेले वडील म्हणतात, "शाब्बास! चूक स्वतःच दुरुस्त केलीस."

जळगाव-धुळे रस्ता चौपदरी व्हायच्या आधी ज्यांनी एस.टी.नं एरंडोल-पारोळा मार्गे प्रवास केला आहे, त्यांनी एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. पारोळ्याच्या अलीकडे गाडी खड्ड्यात आदळली. ड्रायव्हरनं गाडी थांबवली, रिव्हर्स टाकला, वीस फूट मागे घेतली आणि तोच खड्डा चुकवून दिमाखात पुन्हा पुढे नेली. मग पुढच्या खड्ड्याला परत तेच. उतारूंनी काय केलं असतं? त्या ड्रायव्हरला शाब्बास म्हटलं असतं का? खड्डा झाला तो झाला, कंबर गेली ती गेली, आता पुढचा खड्डा बघ बाबा! धुळं गाठायचं आहे. ड्रायव्हर कधीही चाकाखाली बघत नाही. तो शंभर पावलं पुढे बघतो, म्हणून गाडी चालते. न पाहिलेला कागद वाजवणाऱ्याचं काम नेमकं हेच. लय ही गाडी आहे, ती थांबवायची नाही. सूर चुकला तर तो मागच्या रस्त्यावर राहू द्यायचा.

दुसरी तक्रार पेन्सिलीबद्दल. विलायती लिपीत पाच रेघा असतात. उजव्या हाताच्या पाच, डाव्या हाताच्या पाच, आणि त्यांवर मुंग्या चढल्यासारखे ठिपके. आमच्याकडे पहिल्याच दिवशी प्रत्येक ठिपक्याखाली पेन्सिलीनं 'सा', 'रे', 'ग' लिहून देण्याची पद्धत आहे. हेतू चांगला असतो. पण डोळा हा आळशी जनावर आहे. सोपं अक्षर दिसलं की तो अवघडाकडे ढुंकून पाहत नाही. मग मूल दोन वर्षं त्या कागदासमोर बसतं आणि ठिपके एकदाही वाचत नाही. खरी गंमत अशी की ठिपक्याचं नाव कळण्याची एवढी गरजच नसते. ठिपका आधीच्या ठिपक्याच्या वर आहे की खाली, शेजारी आहे की उडी मारून आहे, एवढं दिसलं की बोट आपोआप तिकडे जातं.

हे मला पियानोनं नव्हे, धुळ्यानं शिकवलं. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच वारले आणि त्यांनी जमवलेले कागद जपण्यासाठी पुढच्याच वर्षी हे मंडळ निघालं. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' या नावानं बावीस खंड काढणाऱ्या या गृहस्थांनी मोडी कागद किती वाचले असतील याची कल्पनाही करवत नाही. मोडी म्हणजे काय, तर आधी आडवी रेघ ओढून घ्यायची आणि लेखणी शक्यतो न उचलता पळत सुटायचं. शब्द कुठे संपला ते सांगायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करायची नाही. असा कागद जुनी जाणती माणसं घडाघडा वाचत. कशी? एक-एक अक्षर ओळखून? मुळीच नाही. पत्राचा मायना ठरलेला असे. 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' एवढं दिसलं की पुढे 'राजमान्य राजश्री' येणार, हे डोळ्याला आधीच ठाऊक असे. म्हणजे तिथे अक्षरं वाचायची नसतात, ओळखीची माणसं गर्दीत ओळखावीत तसे ओळखीचे पुंजके ओळखायचे असतात. डोळा तेवढ्या वेळात पुढच्या ओळीवर जाऊन उभा राहतो.

पियानोच्या कागदालाही मायने असतात. डाव्या हाताला सा-प-ग-प, सा-प-ग-प असा झुला कितीतरी जुन्या रचनांत येतो. डोमेनिको अल्बर्टी नावाच्या अठराव्या शतकातल्या इटालियन माणसाचं नाव त्याला पडलं आहे. ज्याला हा झुला ओळखता आला, त्याला तिथे चार ठिपके नव्हे, एकच गोष्ट वाचावी लागते. आपल्याकडे सारेग, रेगम, गमप असे पलटे मास्तर घोटून घेत असत, ते याचसाठी. मुलांना वाटतं ती शिक्षा आहे. ते खरं म्हणजे मायने आहेत.

जॉन स्लोबोडा नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञानं १९७४ साली यावर एक प्रयोग छापला. वादक न पाहिलेला कागद वाजवत असताना मध्येच कागद दिसेनासा करायचा आणि पुढे किती सूर बरोबर येतात ते मोजायचं. कच्च्या वाचकाचे तीन-चार सूर येत, पक्क्याचे सहा-सात. म्हणजे त्याचा डोळा बोटांच्या तेवढा पुढे पळत होता. भारनियमनाच्या दिवसांत हा प्रयोग आमच्या घरी रोज विनामूल्य होत असे. दिवे गेले की पुतणीचा पियानो त्याच सुरावर बंद. एक सूरसुद्धा पुढे नाही! डोळा आणि बोट एकाच ठिपक्यावर उभे, रेल्वे फाटकात अडकल्यासारखे.

पक्क्या वाचकांची एक हकीकत तर फारच गमतीची आहे. बोरिस गोल्डोव्स्की नावाचे एक मोठे पियानिस्ट होते. त्यांची एक विद्यार्थिनी वाचनात कच्ची होती. ब्राह्म्सची एक रचना वाजवताना तिनं एक सूर भलताच वाजवला. त्यांनी टोकलं. ती म्हणाली, "असंच छापलंय." बघतात तर खरोखरच तसं छापलेलं! मुद्रणदोष होता. मग त्यांनी चांगल्या वाचकांना तोच कागद दिला, यात एक चूक आहे, शोधा, असंही सांगितलं. हवं तितक्या वेळा वाजवूनही कुणाला ती सापडली नाही. प्रत्येकाचा डोळा चुकीचा सूर बघत होता आणि हात बरोबर सूर वाजवत होता. मुद्रितं तपासणाऱ्या मराठी माणसाला हे सांगायला नकोच. जो अर्थ वाचतो त्याला मुद्रणदोष दिसत नाहीत. ज्याला अर्थ लागत नाही तोच अक्षरं वाचतो.

हे सगळं मी धुळ्याच्या एका पेटीमास्तरांना मोठ्या उत्साहानं ऐकवलं. धुळ्यात गल्ल्यांना नावं नसतात, नंबर असतात. अशाच एका नंबरात मास्तर राहतात. त्यांनी पान जुळवलं आणि म्हणाले, "भाऊसाहेब, वाचून वाजवलं ते संगीत कसलं? राग काय कागदावर मावतो? आम्ही कानानं घेतलं."

हा आक्षेप खरा आहे आणि तो पंडित भातखंड्यांनाही ठाऊक असला पाहिजे. त्यांनी उस्तादांच्या तोंडून चिजा ऐकल्या, उतरवून घेतल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या. त्याच काळात पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आपली वेगळी स्वरलिपी केली. लिपी दोन झाल्या म्हणून बिघडत नाही. पण भातखंड्यांच्या लिपीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार सप्तकातला, आणि पलुस्करांच्या लिपीत डोक्यावर टिंब असेल तर तो मंद्रातला. एकाच टिंबानं एक गवई माडीवर चढतो आणि दुसरा तळघरात उतरतो! भातखंड्यांचं शून्य म्हणजे खाली, पलुस्करांचं शून्य म्हणजे अर्धी मात्रा. मी हे म्हटल्यावर मास्तर मिश्कील हसले. "म्हणूनच म्हणतो, कान बरा."

कान बराच. पण कानाला गाणारा माणूस समोर लागतो. कागदाला लागत नाही. लग्नाच्या पत्रिकेत संसार नसतो हे सगळ्यांना माहीत आहे, तरी पत्रिका छापतातच ना? कुठे जायचं ते कळायला. एकदा गाण्याची गाठ पडली की पुढचा संसार कानानंच करायचा आहे. आणि ही दोन कामं एकमेकांची वैरी नाहीत, हे मुंबईच्या स्टुडिओंनी कितीतरी वर्षं दाखवलं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना लहानपणीच सुरांचं वाचन शिकवत. त्या शाळांतून निघालेली माणसं मुंबईच्या सिनेमाच्या वाद्यवृंदात बसली. संगीतकार चाल गाऊन दाखवी, सेबॅस्टियन डिसोझांसारखे संयोजक ती कागदावर मांडत, आणि वादक तो कागद तिथल्या तिथं वाजवत. आपण आयुष्यभर जी गाणी गुणगुणलो, ती अशा वाचणाऱ्यांनी वाजवलेली आहेत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांचं नाव तर १९७७ साली एका गाण्यात अमर झालं. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकलेल्या प्यारेलालांनी फेडलेलं ते ऋण होतं.

आणि हे सगळं नुसतं पियानोच्या मार्कांपुरतं असतं तर मी कागद काळे केले नसते. जळगावच्या शेजारी असोदे आहे. बहिणाबाई चौधरी तिथल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गात. मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ती गाणी वेळीच उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. शब्द उतरवणारा माणूस घरात होता म्हणून शब्द राहिले. पुस्तकात चाली नाहीत. आज आपण त्या कविता ऐकतो त्या पुढच्या संगीतकारांनी बांधलेल्या चालींत. त्या सुंदर आहेत, पण पहाटे त्या बाईच्या गळ्यातून स्वर नेमका कुठे वळत होता, ते कुणाला वाचता येणार नाही.

ही झाली न लिहिलेल्याची गोष्ट. पण लिहिलेल्याचं तरी काय चाललं आहे? भातखंड्यांचे सहा भाग पुष्कळ संगीतप्रेमी घरांच्या कपाटात असतात. त्यांतल्या किती चिजा त्या घरात कधी वाजल्या? ज्या शिकवल्या तेवढ्या. बाकीच्या शेकडो तिथेच आहेत, कुणीतरी पान उघडून चुकतमाकत का होईना पण वाजवील याची वाट पाहत. ज्याला फक्त शिकवलेलंच वाजवता येतं, त्याला गुरू गेल्यावर नवं गाणं मिळणं बंद. ज्याला वाचता येतं, त्याचा गुरू पुस्तकात बसलेला आहे, तो कधी गाडी गाठायला उठत नाही.

तेव्हा टीका पुरे, आता उपाय. तो अगदी स्वस्त आहे. रोज दहा मिनिटं. आपल्याला जे वाजवता येतं त्याहून दोन इयत्ता सोपं पुस्तक घ्यायचं, आणि ही सर्वांत अवघड अट आहे, कारण सोपं वाजवण्यात आई-वडिलांचा अपमान होतो. सुरू करण्यापूर्वी अर्धा मिनिट नुसतं बघायचं. ताल कोणता, कोमल-तीव्र कोणते, ओळखीचा मायना कुठे आहे, उडी कुठे आहे. मग सावकाश लय धरायची, इतकी सावकाश की लाज वाटावी, आणि शेवटापर्यंत थांबायचं नाही. हातांकडे बघायचं नाही. पट्ट्या कुठे पळून जात नाहीत. जमल्यास शेजारी दुसऱ्याला वाजवायला बसवायचं, म्हणजे थांबायची सोयच उरत नाही. तबलजी चुकलेल्यासाठी थांबत नाही, तसंच. आणि सर्वांत मुख्य म्हणजे आजचं पान उद्या वाजवायचं नाही. दुसऱ्यांदा वाजवलं की ते वाचन राहत नाही, पाठांतर सुरू होतं.

पुतणीनं हा क्रम गेल्या दिवाळीपासून धरला आहे. तीन तुकडे मागे पडले. पाहुण्यांची थोडी गैरसोय होते, कारण आता त्यांच्यापुढे काही 'बसवलेलं' येत नाही. पण मागच्या आठवड्यात रात्री दिवे गेले आणि अंधारात पियानो आणखी पाच सूर पुढे चालत गेला. मी पलीकडच्या खोलीत बोटांवर मोजले.

परवा शेजारचे नाना फाटकात भेटले. म्हणाले, "काय हो, पोरगी हल्ली रोज वेगळंच वाजवते वाटतं?"

मी म्हटलं, "हो. त्रास होतो का?"

"छे, छे! उलट बरं आहे," नाना म्हणाले. "आधी सहा वर्षं त्याच त्या तीन चुका ऐकत होतो. आता निदान रोज नव्या ऐकायला मिळतात."